ताई बरोबर असली की झालं?

ठाण्याच्या एका वाचक आईचं पत्र आलं आहे. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा नुकताच पाच पूर्ण झालेला. मे महिन्यात सिंगापूरची सहल ठरली आहे आणि त्यातच चार रात्रींची क्रूझ: सिंगापूरहून पेनांग, फुकेत आणि परत. बरोबर सासूबाई आहेत. जहाजावर मुलांसाठी क्लब असतो, तिथे मुलं रमतात आणि आईबाबांना जरा मोकळा वेळ मिळतो, असं ऐकून त्या खूश होत्या. बुकिंगच्या वेळी कळलं की वयाप्रमाणे गट असतात आणि ही दोघं वेगवेगळ्या गटांत जाणार. त्या लिहितात, "तो ताईशिवाय कुठे थांबत नाही. ती बरोबर असली की मी निर्धास्त असते. परवा भाच्याच्या मुंजीत ती एका हातात त्याची पाण्याची बाटली धरूनच लंगडी खेळत होती, इतकी तिला त्याची काळजी!" एजंट म्हणतो, तिथे गेल्यावर बोला, ॲडजस्ट करतात. एका मैत्रिणीनं मुलाचं वय वाढवून सांगायला सुचवलं आहे. सासूबाईंचं म्हणणं, पोरांना परक्यांच्या ताब्यात देऊन जेवायला जायचंच कशाला? आणि या आईचा प्रश्न सरळ आहे: दोघांना एकत्र ठेवायची काही युक्ती आहे का?

नमस्कार.

युक्त्या आहेत, आणि त्या मी सांगणारच आहे. पण तुमच्या पत्रातल्या त्या लंगडीपाशी मी जरा अडखळले. तुम्ही ते वाक्य कौतुकानं लिहिलं आहे, आणि मुलगी आहेच कौतुकाची. पण लंगडी घालताना गडी बाद करायला हात लागतो. बाटली धरलेल्या हातानं ती कोणाला बाद करणार होती? मुंजीच्या हॉलमध्ये तुम्ही होता, तुमचे अहो होते, आजी होत्या, मामा-मावश्यांचा गोतावळा होता. बाटली मात्र तिच्याकडे. तिच्याकडे ती कोणी मुद्दाम दिली असेल असंही नाही. आपल्या घरांतून थोरल्या मुलींच्या हातात अशा बाटल्या आपसूक येतात, आणि "तू मोठी आहेस ना" हे वाक्य घरात निदान रोज एकदा तरी म्हटलं जातं. थोरला मुलगा असेल तर किती वेळा म्हटलं जातं, हा वेगळा विषय आहे. तो आत्ता काढत नाही.

म्हणून युक्तीच्या आधी एक विचारते. एकत्र ठेवायचं ते कोणासाठी? मुलासाठी, मुलीसाठी की तुमच्यासाठी? तिन्ही कारणं खरी असू शकतात, आणि आईला निर्धास्त वाटावं यात गैर काही नाही. पण ज्याच्यासाठी करायचं त्याप्रमाणे उपाय बदलतो. तुमच्या पत्रात मुलाला काय वाटतं ते आहे, सासूबाईंना काय वाटतं ते आहे, मैत्रीण आणि एजंटही आहेत. मुलीला काय हवंय, याबद्दल एक ओळ नाही.

तिला विचारा. पण "तुला चालेल ना ग त्याच्याबरोबर बसायला?" असं विचारू नका, कारण या प्रश्नाला शहाणी मुलगी एकच उत्तर देते. भाऊ समोर नसताना, घाई नसताना विचारा: "जहाजावर दोन खोल्या आहेत. एकीत तुझ्या वयाची मुलं खेळतात, दुसरीत छोटी. तुला कुठे जावंसं वाटतंय?" आणि मग जरा गप्प राहा. कदाचित ती पटकन "मोठ्यांच्यात" म्हणेल आणि लगेच "पण तो रडेल का?" असंही विचारेल. त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं काम तुमचं आहे, तिचं नाही. "त्याचं मी बघते" एवढं म्हणा.

उलटंही निघू शकतं, तेही डोक्यात असू द्या. काही मुली मुळात बुजऱ्या असतात आणि धाकट्याला सांभाळणं ही त्यांची लपायची जागा असते. अनोळखी मुलांच्या घोळक्यात आपण एकटे उभे आहोत असं वाटण्यापेक्षा भावाच्या बुटाचा बंद बांधत बसणं सोपं. तुमची लेक तशी असेल तर आधार तो तिच्याकडून घेत नसून ती त्याच्याकडून घेते आहे. मग तयारी तिची करून घ्यायला हवी, आणि ती भावाशेजारी बसवून होणार नाही.

आता क्लबबद्दल. वयाचे गट पाडतात तेव्हा भावंडांची ताटातूट करायचा कोणाचा हेतू नसतो. तीन-चार-पाचच्या मुलांच्या खोलीत ठोकळे, रंग, गाणी, बाहुल्या, गोष्टी असतात. तिथे मुलांकडे बघायला माणसं जास्त लागतात, आणि नऊ वर्षांची दोन-चार मुलं धावाधाव करायला लागली की छोटी आडवी होतात. मोठ्यांच्या गटात शर्यती, प्रयोग, व्हिडिओ गेम, संघ पाडून स्पर्धा. काही वेळा तो गट खोलीबाहेरही पडतो, मैदानावर खेळायला किंवा जहाजभर काहीतरी शोधत फिरायला. त्यात पाच वर्षांचं मूल खरोखरच झेपत नाही. म्हणून धाकट्याला वरच्या गटात घ्यायला क्लब सहसा तयार होत नाहीत. थोरल्याला खालच्या गटात बसू देणं काही कंपन्यांच्या नियमात बसतं, काही ठिकाणी ते त्या क्लबच्या व्यवस्थापकावर असतं, काही ठिकाणी अजिबात नाही. एजंटचं "ॲडजस्ट करतात" म्हणजे बहुधा हेच: तुमच्या मुलीला खाली बसवतील.

ते कसं दिसेल, याचं चित्र डोळ्यांसमोर आणा. गुडघे पोटाशी येतील एवढ्या बुटक्या खुर्चीवर चौथी संपवलेली मुलगी, समोर माशाला रंग भरायचा कागद. पलीकडच्या काचेतून तिच्या वयाच्या मुलींचा दंगा ऐकू येतोय. भाऊ पहिल्या दहा मिनिटांत ठोकळ्यांत रमलाय. मग कोणीतरी रडायला लागतं, तिथली ताई हिला म्हणते, "जरा हे क्रेयॉन वाटतेस?" चांगल्या मुलींना अशी कामं फार लवकर सांगितली जातात. आणि तो जेव्हा खरंच रडेल, तेव्हा तिथले लोक तुम्हाला फोन करायच्या आधी तिला हाक मारतील. मग तो कोणाला हाका मारून शांत व्हायला शिकणार? हिला. पैसे तुम्ही पाच माणसांच्या सुट्टीचे भरले आहेत. सुट्टी चौघांची होईल.

दुसरी एक समजूत: ती बरोबर असली की तो सुरक्षित. याच्याशी मी अजिबात सहमत नाही. नऊ वर्षांच्या मुलीला स्वतःलाच अजून कोणीतरी सांभाळावं लागतं. क्लबमध्ये तुमचं मूल सुरक्षित राहतं ते तिथल्या पद्धतीमुळे, आणि ती पद्धत तुम्ही नीट समजून घ्यायला हवी. नावनोंदणी बहुतेक जहाजांवर चढल्या दिवशी दुपारीच सुरू होते. फॉर्ममध्ये ॲलर्जी, औषधं, सवयी विचारतात आणि मूल न्यायला कोण येणार त्यांची नावं लिहून घेतात. त्या यादीत नाव नसलेल्या माणसाच्या ताब्यात मूल देत नाहीत. आजींना पाठवायचं असेल तर आजींचं नाव आधी घाला, नाहीतर दारात उभं राहून वाद होईल. मनगटावर पट्टा बांधतात, त्यावर आणीबाणीत जमायच्या जागेचा क्रमांक असतो. भोंगा वाजला तर क्लबमधली मुलं कोण आणि कुठे आणणार, हे नोंदणीच्या वेळीच स्पष्ट विचारा. भोंगा वाजल्यावर आईबाप उलट दिशेनं क्लबकडे पळत सुटतात, तसं होऊ नये म्हणून.

याच ओघात एक गोष्ट. काही कंपन्या आठ-नऊ वर्षांपुढच्या मुलांना आईवडिलांच्या परवानगीनं क्लबमधून एकट्यानं बाहेर पडू देतात. फॉर्ममध्ये ती चौकट दिसेल. तुमची लेक कितीही समंजस असली तरी पहिल्याच क्रूझला तिथे खूण करू नका. दहा-बारा मजल्यांचं जहाज, काही हजार माणसं, एकसारखे दिसणारे कॉरिडॉर. तिथे मोठी माणसंही पहिल्या दिवशी चुकतात. आणि ही परवानगी फक्त स्वतःला बाहेर काढण्यापुरती असते. धाकट्या भावाला ती घेऊन जाऊ शकेल असं गृहीत धरू नका.

मैत्रिणीच्या सल्ल्याचं लवकर आटपते. वय बुकिंगवर पासपोर्टप्रमाणे आलेलं असतं आणि जहाज निघतं त्या दिवशीचं वय धरतात. काउंटरवर खोटं बोलून ते बदलत नाही. शिवाय मुलगा शेजारीच उभा असणार, आणि पाच वर्षांची मुलं अशा वेळी बरोबर आपलं खरं वय मोठ्यानं सांगतात.

आता युक्त्या. सगळ्यांत सोपी युक्ती बुकिंगच्या आधीची आहे, आणि ज्यांनी अजून पैसे भरलेले नाहीत त्यांनी ती वापरावी. प्रत्येक कंपनीची वयाची रेघ वेगळ्या ठिकाणी आहे. नॉर्वेजियनमध्ये तीन ते पाच, सहा ते नऊ आणि दहा ते बारा असे गट आहेत. कार्निव्हलमध्ये दोन ते पाच, सहा ते आठ, नऊ ते अकरा. एमएससीमध्ये तीन ते सहा आणि सात ते अकरा. प्रिन्सेसमध्ये तीन ते सात आणि आठ ते बारा. म्हणजे सहा आणि नऊ वर्षांची भावंडं नॉर्वेजियनवर एका खोलीत असतील, कार्निव्हलवर दोन वेगळ्या खोल्यांत. चार आणि सात वर्षांची प्रिन्सेसवर एकत्र, बाकी तिन्हींवर वेगळी. डिस्नीनं तर तीन ते दहा एवढा मोठा पट्टा एकाच क्लबमध्ये ठेवला आहे. आत खोल्या अनेक, मुलांनी हवं तिकडे जावं. तुमची पाच आणि नऊ वर्षांची जोडी पाहता यादीतल्या बाकी कुठल्याच जहाजावर ती एका गटात बसत नाही, डिस्नी सोडून. कंपन्या हे गट अधूनमधून बदलतात आणि एकाच कंपनीच्या दोन जहाजांवरही फरक असतो, म्हणून पैसे भरताना त्या जहाजाचं आणि त्या तारखेचं विचारायचं. मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या कॉर्डेलियाचं बुकिंग करणाऱ्यांनीही हाच प्रश्न विचारावा. मुलांचे वाढदिवस रेघेच्या आसपास असतील तर सहल पंधरा दिवस पुढेमागे केल्यानं प्रश्न सुटतो, एजंटच्या विनवण्या न करता.

तुमचं बुकिंग झालेलं आहे, जहाजाचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही. तेव्हा आहे त्यात काय करता येईल ते सांगते.

पहिलं म्हणजे ताटातूट वाटते तेवढी लांबलचक नसते. बऱ्याच जहाजांवर क्लब सकाळी नऊ-दहापासून बारापर्यंत, मग दुपारी दोन-तीन तास आणि संध्याकाळी सातच्या सुमारास ते दहा असे चालतात. मध्ये जेवणासाठी बंद. म्हणजे एका वेळी दोन-तीन तास. तुमच्या मुलाची शाळा त्याहून जास्त वेळ असते, आणि शाळेत ताई त्याच्या वर्गात बसत नाही! रात्री दहानंतर बऱ्याच ठिकाणी तासाला पैसे घेऊन मुलांना ठेवतात, आणि त्या वेळी अनेकदा सगळ्या वयांची मुलं एकत्रच असतात. पण पाच वर्षांच्या मुलाला त्या वेळेपर्यंत जागवू नये, असं माझं मत.

दुसरं, जहाज बंदराला लागलेलं असतं त्या दिवशी बहुतेक लोक उतरून फिरायला जातात आणि क्लबमध्ये मोजकी मुलं उरतात. तेव्हा गट एकत्र करण्याची पद्धत बऱ्याच जहाजांवर आहे. पेनांगला किंवा फुकेतला तुम्ही अर्ध्या दिवसात परत येणार असाल तर त्या दुपारी दोघं एकत्र खेळू शकतील. त्यात ताईला खाली बसावं लागत नाही आणि त्यालाही वर चढावं लागत नाही. मुलाला पहिल्यांदा सोडायचं तर गर्दीच्या दिवसापेक्षा अशी दुपार चांगली. शिवाय आईबाबांसह मुलांनी यायचं अशा मोकळ्या वेळाही क्लब ठेवतात, विशेषतः पहिल्या दिवशी. जहाजावर चढल्या चढल्या सगळे बुफेकडे धावतात. तुम्ही दोघा मुलांना घेऊन आधी क्लब बघून या. मुलाला ताईची खोली दाखवा, ताईला त्याची. "ती इथे आहे" हे डोळ्यांनी पाहिलं की निम्मी भीती जाते. तिथल्या ताईचं नाव विचारून घ्या आणि केबिनमध्ये परत आल्यावर बोलण्यात तेच नाव वापरत राहा.

तिसरी तयारी ठाण्यातच करायची आहे. एप्रिलमध्ये उन्हाळी शिबिरं सुरू होतात. दोघांना एकाच शिबिरात घाला, पण वेगळ्या तुकड्यांत. पहिले दोन दिवस तो रडेल. हे दोन दिवस ठाण्यात जाऊ द्यात, कारण चार रात्रींच्या क्रूझवर बुजऱ्या मुलाला रुळेपर्यंत सहल संपलेली असते. सात रात्रींच्या क्रूझबद्दल लोक जे सांगतात ते छोट्या क्रूझला जसंच्या तसं लागू होत नाही, हे सगळ्यांनीच लक्षात ठेवावं.

आणि एक अगदी घरगुती गोष्ट, जी माहितीपत्रकांत नीट कोणी लिहीत नाही. तीन वर्षांपुढच्या बहुतेक क्लबांची अट असते की मूल शी-शूला स्वतंत्र असावं, आणि तिथले लोक सहसा धुवून-पुसून देत नाहीत. आपली पाच वर्षांची मुलं जेट स्प्रेच्या आणि "आई, झाली!" या हाकेच्या जिवावर असतात. जहाजावरच्या टॉयलेटमध्ये कागद असतो. ताई बरोबर हवी असं तुम्हाला वाटण्यामागे हे कारण असेल, तर तसं स्वतःशी मान्य करा आणि आतापासून कागदाची सवय लावा. नऊ वर्षांच्या मुलीनं सुट्टीत हे काम करू नये. "टॉयलेट", "वॉटर", "कॉल माय मदर" हे तीन शब्दप्रयोग त्याच्या तोंडात पक्के बसू द्या. घाबरल्यावर मुलांना मातृभाषाच सुचते आणि तिथल्या ताईला मराठी येत असेलच असं नाही. क्लबला जाण्याआधी पोट भरलेलं असू द्या, कारण साध्या सत्रांत बहुधा खायला देत नाहीत. समुद्रात आपल्या मोबाइलला नेहमीची रेंज नसते, तेव्हा गरज पडली तर तुम्हाला कसं बोलावणार हे विचारून ठेवा. काही जहाजांवर छोटा फोन देतात, काहींवर जहाजाच्या ॲपवर निरोप येतो, आणि तो यायला तुमचा फोन जहाजाच्या वायफायला जोडलेला असावा लागतो. फोन विमानात ठेवतो तसा एअरप्लेन मोडवर ठेवायला विसरू नका, नाहीतर समुद्रातल्या रोमिंगचं बिल क्लबपेक्षा जास्त रडवेल.

एकत्र ठेवणं योग्यच, असेही प्रसंग असतात. मूल स्वमग्न असेल, बोलण्याची अडचण असेल, नुकतीच घरात एखादी मोठी उलथापालथ झाली असेल, किंवा दोघांत दीड वर्षाचं अंतर असून केवळ एका वाढदिवसानं रेघ मध्ये आली असेल, तर कंपनीला आधीच लेखी कळवा. जहाज निघायच्या काही आठवडे आधी केलेल्या विनंतीवर विचार होतो, बोर्डिंगच्या रांगेतल्या विनंतीवर होईलच असं नाही. आणि थोरल्याला खाली बसवायचं ठरलंच, तर रोज एका सत्रापुरतं, तेही त्याला स्वतःला मान्य असेल तर. बाकीची सत्रं त्याची.

सासूबाईंबद्दल. त्यांचं म्हणणं झटकून टाकू नका, पण त्यांना उत्तर द्यायला मुलांना एकत्र बांधूही नका. जहाजावर त्यांनाही पहिल्या दिवशी क्लब दाखवायला न्या. खोली, दार, नावांची यादी, पट्टा पाहिल्यावर "परके" हा शब्द थोडा मऊ होतो. नाही झाला तर एका संध्याकाळी नातू आजीबरोबर केबिनमध्ये राहील, पत्ते खेळेल, आणि नात मोठ्यांच्या गटात जाईल. तुम्ही दोघं जेवायला जाल. यात कोणाचंच बिघडत नाही. आजींना गृहीत मात्र धरू नका, त्यांनाही विचारा. त्याही सुट्टीवर आहेत, आणि रात्रीचा कार्यक्रम कदाचित त्यांनाच बघायचा असेल.

समजा सगळं करूनही तो दुसऱ्या दिवशी क्लबच्या दारात पाय रोवून उभा राहिला. तर जबरदस्ती नको. एक जण त्याला घेऊन पोहायला जा, दुसरा वाचत बसा, संध्याकाळी अदलाबदल करा. पण त्या वेळी मुलीला क्लबमधून काढू नका. "त्याला आवडत नाही तर तूही चल" हे वाक्य तोंडावर येईल, कारण दोघांना एकदम सांभाळणं सोयीचं असतं. ते तिथेच गिळा.

एजंटला या आठवड्यात ईमेल करा. फोन नको, ईमेलच. चार प्रश्न विचारा: या जहाजावर या तारखेला मुलांचे गट कोणते, थोरल्याला खालच्या गटात बसू देण्याबद्दल कंपनीचा लेखी नियम काय, बंदराच्या दिवशी क्लबची वेळ काय, आणि संपर्क कसा होणार. "तिथे गेल्यावर बघू" असं उत्तर आलं तर कंपनीच्या ग्राहक सेवेला थेट लिहा. आणि जायच्या आधी बाजारात गेलात की मुलासाठी गळ्यात अडकवायच्या पट्ट्याची पाण्याची बाटली घ्या. ती त्याची तो सांभाळेल.